चालवील तिची गाडी

पुण्याकडून येणारा पाहुणा महामार्ग सोडून कोल्हापुरात शिरला, की त्याचे पहिले स्वागत करते ती एक बाई. कावळा नाक्यावर ती घोड्यावर बसलेली आहे. १७०० साली छत्रपती राजाराम महाराज निवर्तले तेव्हा ताराराणींचे वय जेमतेम पंचविशीचे होते; आणि पुढली सात वर्षे, औरंगजेब मरेपर्यंत, या बाईने मोगलांच्या अफाट फौजेला दम म्हणून खाऊ दिला नाही. आमच्या गावची गादी तिनेच स्थापन केली. आम्ही तिला हार घालतो, तिच्यावर व्याख्याने देतो, विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतो. मी स्वतः गेली अठरा वर्षे असे निबंध तपासून त्यांवर लाल शाईने गुण देत आलो आहे.

अशा गावात राहणाऱ्या आणि असे निबंध तपासणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाकडे एके दिवशी एक मुलगी येते आणि म्हणते, "सर, मला मालाचा टेम्पो घ्यायचाय. चालवणार मीच. जामीन राहाल का?" अशा वेळी त्या प्राध्यापकाने काय करावे, हे वाचकांना मी सांगायला नको. मी काय केले, तेवढे मात्र सांगितले पाहिजे.

"घरात विचारून सांगतो"

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. मुलगी माझ्याच वर्गात बसून बी. ए. झालेली. अक्षर मोत्यासारखे, वाचन भरपूर. वडील तीस वर्षे ट्रकवर ड्रायव्हर. कोल्हापुरी गूळ गुजरातेत पोचवायचा आणि येताना मिळेल तो माल भरून आणायचा, यात त्यांचा जन्म गेला. एक दिवस अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. घरात आई, धाकटा भाऊ आणि औषधांची बिले. मुलीने वडिलांच्याच शेजारी बसून गाडी शिकली होती. परवाना हातात होता. सहा चाकी जुना टेम्पो पाहून ठेवला होता. पतसंस्था कर्ज द्यायला तयार होती. फक्त पगारदार माणसांच्या दोन सह्या हव्या होत्या.

मी तिला चहा दिला आणि उपदेश केला. या दोन्ही गोष्टी आम्हां शिक्षकांना फुकट देता येतात. म्हटले, "अगं, तू विशेष मराठी घेऊन पहिल्या वर्गात आलीस. बी. एड. कर. शाळेत लागशील. ही काय बाईमाणसाची कामं?"

ती शांतपणे म्हणाली, "सर, बी. एड. झाल्यावर नोकरी नक्की लागेल, असं तुम्ही लिहून देता का? मग जामिनाची सही नको, तेवढीच द्या."

यावर मराठी साहित्यात उत्तर असेल तर मला त्या क्षणी आठवले नाही. मी आवंढा गिळला आणि मध्यमवर्गीय नवऱ्यांची जुनी ढाल पुढे केली: "घरात विचारून सांगतो."

ती गेली. आतून आमची सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "घरात म्हणजे मलाच ना? मग विचारा की! आणि मी हो म्हटलं तर काय करणार, तेही आत्ताच सांगा." मी वर्तमानपत्र उघडले. ती पुढे म्हणाली, "तुम्हांला स्वतःला स्कूटर स्टँडवर लावता येत नाही, म्हणून जगातल्या सगळ्यांनी पायी चालायचं का?"

आठवडाभर मी काहीच केले नाही. नवव्या दिवशी कळले की कर्ज मंजूर झाले. एक सही एस. टी.च्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकने केली होती, दुसरी एका शाळेच्या शिपायाने. दोघेही तिच्या वडिलांचे जुने स्नेही. दोघांचा पगार मिळूनही माझ्या पगाराएवढा होत नसेल.

परवान्यावर काय लिहिले आहे?

मनाला लागलेली गोष्ट माणूस दोन प्रकारांनी विसरू पाहतो. एक, दुसऱ्याला दोष देऊन. दुसरा, तिचा अभ्यास करून. मी दुसरा मार्ग धरला आणि प्रथम कायदाच काढून बसलो.

१९८८ चा मोटार वाहन कायदा वाचताना मौज वाटली. माल वा प्रवासी वाहणारे वाहन चालवायचे तर वीस वर्षे पूर्ण हवीत, आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हवा, डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, तीही २०१९ साली निघाली. पण चालवणारा पुरुषच असावा, असे कुठल्याही कलमात नाही. म्हणजे ज्या कामाला मी 'बाईमाणसाचे नव्हे' म्हटले, ते कायद्याने कधी तसे म्हटलेलेच नव्हते!

सगळेच कायदे मात्र इतके समंजस नव्हते. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदी केली होती आणि वरच्या कामालाही रात्री मनाई होती. ही बंदी २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने काही अटींवर सैल केली. त्यानंतर झारखंडातल्या नोआमुंडी येथील टाटांच्या लोहखाणीत बायका सर्व पाळ्यांत कामाला लागल्या, प्रचंड डंपर चालवू लागल्या. तिथे दार कायद्याने लावलेले होते, ते कायद्याने उघडले. आमच्याकडे दाराला कडीच नव्हती. आम्हीच ते आतून पाठ लावून धरून ठेवले होते.

तेलाच्या मुलखातली लिली

वाटेल, की हे सारे खूळ अलीकडचे. पण चांगली जवळजवळ शंभर वर्षांची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये त्या काळी जमिनीतून तेल वर येत होते, आणि तेलाच्या मागोमाग माणसे, यंत्रे, पाइप आणि सुरुंगाची दारू यांची रीघ लागली होती. हा सगळा माल वाहणार कोण? हेम्पस्टेड गावच्या लिली ड्रेनन या बाईने १९२८ साली नवऱ्याबरोबर मालवाहतुकीचा धंदा काढला. वर्षभरात काडीमोड झाला. नवरा गेला, धंदा बाईकडे राहिला आणि ट्रकही.

१९२९ साली ती ट्रकच्या परवान्यासाठी उभी राहिली तेव्हा परीक्षक कुरकुरले. कारण सांगितले ते कानाचे. लहानपणच्या आजारातून तिला ऐकू कमी येत असे. बाईंनी आपला गाडी चालवण्याचा हिशेब पुढे टाकला आणि याहून सरस हिशेब कुणा पुरुषाचा असेल तर दाखवा म्हणून बजावले. परवाना मिळाला. अमेरिकेतली परवानाधारक पहिली स्त्री ट्रकड्रायव्हर म्हणून तिचे नाव घेतले जाते. डोक्याला भलीमोठी टोपी आणि जवळ पिस्तूल असा तिचा थाट असे. तेलाच्या मुलखातल्या चिखलातून तिने चोवीस वर्षे आपली कंपनी हाकली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला ड्रायव्हर कमी पडू लागले, तेव्हा बायकांना या कामाला आणण्यासाठी सैन्यानेच तिची मदत मागितली. त्याच युद्धाच्या शेवटी, १९४५ साली, इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ लष्करी ट्रक चालवायला आणि त्याचे इंजिन खोलायला शिकत होती. पुढे ती राणी झाली. ट्रक चालवल्याने तिच्या घराण्याची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडच्या काळात अमेरिकेतच नॉर्थ डाकोटाच्या बाकेन भागात तेलाची पुन्हा भरभराट झाली, तेव्हाही पाणी, वाळू आणि तेल वाहण्यासाठी माणसे अपुरी पडली आणि कित्येक बायका स्टिअरिंगवर बसल्या. यातून एक गोष्ट ध्यानात येते. जिथे कामाची निकड असते तिथे 'हे बायकांचे काम नव्हे' हे तत्त्वज्ञान टिकत नाही. निकड संपली, की ते पुन्हा डोके वर काढते.

आपल्याकडे तेलाचाच दाखला हवा असेल तर केरळात आहे. त्रिशूरची डेलिशा डेव्हिस ही वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेली तरुणी कोचीजवळच्या इरुम्पनम येथून पेट्रोलचा टँकर भरून तिरूरला पोचवीत असे. तीही बापाकडूनच गाडी शिकली. ज्वालाग्राही माल वाहायचा तर साधा परवाना पुरत नाही, वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. तेही तिने घेतले. २०२१ साली टाळेबंदीतल्या तपासणीत टँकर थांबवला, तेव्हा आत मुलगी पाहून अधिकारी चकित झाले आणि मग ती साऱ्या देशाला कळली. तोवर ती मुकाट्याने गाड्यांत पेट्रोल पोचवीतच होती.

आपल्या घरच्या

आणि केरळपर्यंत तरी कशाला जायचे? १९८८ साली पुण्याच्या रस्त्यांवर शीला डावरे यांनी रिक्षा चालवायला सुरुवात केली. परभणीहून खिशात बारा रुपये घेऊन आलेली ही मुलगी देशातली पहिली स्त्री रिक्षाचालक मानली जाते.

नंदुरबारच्या योगिता रघुवंशी लग्न होऊन भोपाळला गेल्या. वकिलीची पदवी होती. २००३ साली पती अपघातात गेले. पदरात दोन मुले. नवशिक्या वकिलाला पहिली काही वर्षे जी कमाई होते तिच्यात चूल पेटत नाही. त्यांनी ट्रकचा धंदा हाती घेतला. हैदराबादजवळ गाडीला अपघात झाला आणि पगारी ड्रायव्हर गाडी सोडून पळाला. बाई स्वतः तिथे गेल्या, ट्रक दुरुस्त करून घेतला, परत आणला आणि मग स्वतःच चालवायला शिकल्या. पुढे त्यांनी भारतभर माल वाहिला. खानदेशची ही लेक देशातली पहिली स्त्री ट्रकचालक म्हणून ओळखली जाते. माझी मुलगी 'बी. ए. असून' टेम्पो चालवते म्हणून मी हळहळलो होतो, इथे एल्एल्. बी. होऊन दहा चाकी हाकणारी बाई उभी!

सातारच्या सुरेखा यादव यांचे नाव तर वाचकांना ठाऊक असेलच. शेतकऱ्याची मुलगी, कऱ्हाडला विजेच्या इंजिनियरिंगची पदविका घेतलेली. रेल्वेत सहाय्यक चालक म्हणून लागल्या आणि आशियातली पहिली स्त्री रेल्वेचालक ठरल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत नेली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

आणि आपली लाडकी एस. टी.? तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली. तमिळनाडूने वसंताकुमारी या स्त्रीला सरकारी बसच्या स्टिअरिंगवर बसवले ते १९९३ च्या मार्चमध्ये. आमच्या एस. टी.ने २०१९ साली बायकांची चालक म्हणून निवड केली, अनुभवाच्या अटी त्यांच्यासाठी सैल करून प्रशिक्षणही सुरू केले. मध्ये महामारीने खीळ घातली आणि प्रत्यक्ष गाडी बाईच्या हाती आली ती जून २०२३ मध्ये. पंच्याहत्तर वर्षे लागली! 'लाल परी' हे नाव बाईचे. तिला हाकायला बाई यायला मात्र पाऊण शतक.

कऱ्हाडपर्यंत

एवढे सगळे वाचून झाले तरी माझ्या विद्यार्थिनीला तोंड दाखवायचे धैर्य होत नव्हते. ते तिनेच सोपे केले. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कऱ्हाडच्या एका वाचनालयात माझे व्याख्यान होते. विषय, अर्थातच, 'मराठी साहित्यातील स्त्री'. सकाळी स्टँडकडे जाण्यासाठी तावडे हॉटेलच्या चौकात रिक्षा शोधत उभा होतो. एक टेम्पो बाजूला येऊन थांबला. वरून हाक आली, "सर, कुठं? बसा की!"

बसा म्हणणे सोपे. त्या केबिनमध्ये चढताना माझे धोतर नाही हे माझे भाग्यच. एक पाय पायरीवर, एक हात दांडीला, पिशवी तोंडात, अशा अवस्थेत मी एकदाचा आत पडलो. ती हसली नाही; हे तिच्यावरचे संस्कार.

मागे शाहू मार्केट यार्डात भरलेले गुळाचे रवे होते, वर ताडपत्री, दोर आवळलेला. दोर तिनेच बांधला होता. सुरुवातीला हमाल विचारीत, "मालक कुठं हाय?" ती म्हणे, "बोलतीय की तुमच्याशी." दोन महिन्यांनी त्यांनी विचारणे सोडले, सहा महिन्यांनी तेच नव्या माणसाला सांगू लागले, "ताईंची गाडी आधी भर, वेळेवर पैसं देत्यात."

मी माझी ठेवणीतली शंका विचारली. ताकदीचे काय? ती म्हणाली, "सर, अण्णांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग वळवायला खरंच दंड लागायचे. आता पॉवर स्टिअरिंग आहे, दोन बोटांनी वळतं. चाकाचा नट निघेना झाला तर पान्याला लांब नळी लावायची आणि तिच्यावर उभं राहायचं. ताकद माझ्यात नाही, नळीच्या लांबीत आहे. हे तुम्ही सातवीच्या विज्ञानात शिकला असाल."

मी शिकलो होतो. माझा उपयोग मात्र कधी झाला नव्हता.

"मग भीती कशाची वाटते?" मी विचारले. वाटले, रात्रीची म्हणेल, गुंडांची म्हणेल. ती थोडा वेळ रस्ता पाहत राहिली. मग म्हणाली, "पाण्याची. पाणी प्यायची. सकाळी निघाले की पुण्यापर्यंत दोन घोटांवर काढायचं. पुरुष गाडी कुठंही थांबवतो. मी पंपावर थांबते, तर एका ठिकाणी कुलूप, दुसऱ्या ठिकाणी कडी नाही. मागच्या वर्षी लघवीचा त्रास झाला, दहा दिवस गाडी उभी राहिली. हप्ता चुकला तो तेवढा एकदाच."

मी गप्प झालो. खिशातले व्याख्यान मला टोचू लागले. त्यात स्त्रीच्या मनाच्या व्यथा होत्या, बंडखोरी होती, अस्मिता होती. बाईला तहान लागते आणि रस्त्यावर तिला पाणी प्यायची चोरी आहे, एवढे साधे वाक्य मात्र त्या बारा पानांत कुठेही नव्हते.

सरकारने नियम केला आहे, की नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिन वातानुकूलित हव्यात. चांगली गोष्ट आहे. १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराला दिवसाला आठ तासांचे कामही ठरवून दिले होते; तेही कागदावर चांगलेच होते. पण ड्रायव्हर बाई असेल हे गृहीत धरून बांधलेली मुतारी, कडी लागणारे दार आणि रात्री चार तास पाठ टेकायला सुरक्षित खोली, या गोष्टी एस. टी.च्या प्रत्येक आगारात आणि महामार्गावरच्या प्रत्येक मोठ्या पंपावर झाल्या, तर पुतळ्यांना घातलेल्या शंभर हारांपेक्षा त्यांचे मोल अधिक. बायका या धंद्यात कमी का, याचे उत्तर त्यांच्या मनगटात शोधू नये. त्या बंद दाराच्या कुलपात शोधावे.

कऱ्हाड आले. उतरताना मी भाड्याचे विचारले. ती म्हणाली, "गुरूकडून भाडं घेत नाहीत, सर." मग जरा थांबून, "आणि जामीन न राहिलेल्याकडूनही घेत नाही." हे मात्र हसून म्हणाली. त्या हसण्याने मला जे बोलायचे होते ते सगळे आडवले. व्याख्यानात मी ठरलेली बारा पाने बाजूला ठेवली आणि कोल्हापूर ते कऱ्हाड हा प्रवास सांगितला. कार्यवाहांना तो विषयाला सोडून वाटला असावा. पण मागच्या रांगेतल्या दोन मुली शेवटी येऊन विचारू लागल्या, परवान्याला वय किती लागते?

दुसरी सही

नवरात्राच्या सुमारास ती घरी आली. बरोबर एक लाजरी मुलगी. आमच्या सौ.ने दोघींना पाटावर बसवून फराळाचे दिले, कारण स्वयंपाकघरात खुर्च्या नाहीत आणि तिला त्यांच्याशी बोलायचे होते ते माझ्यासमोर नव्हे. अर्ध्या तासाने मला आत बोलावण्यात आले.

विद्यार्थिनीचे कर्ज फिटत आले होते. वडील आता काठी धरून दारापर्यंत येतात. टेम्पो आला की इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडले ते बसल्या जागी सांगतात. बरोबरची मुलगी त्यांच्याच गल्लीतली. नवऱ्याने टाकलेली, एक मूल असलेली. तिच्या शेजारी बसून वर्षभर गाडी शिकली, परवाना काढला. छोटा टेम्पो घेऊन गावातल्या गावात भाडी मारणार. पतसंस्थेला दोन जामीनदार हवेत.

"एक मी आहे, सर," विद्यार्थिनी म्हणाली. "माझे हप्ते वेळेवर गेले म्हणून आता माझी सही चालते. दुसरा पगारदार पाहिजे."

कागद तिने पुढे केला. मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "बघता काय? घरात विचारायचं झालंय."

मी पेन काढले. वर तिची सही होती; तेच मोत्यासारखे अक्षर, निबंधांवरचे. तिच्याखाली माझी केली. कर्ज बुडाले तर पगारातून कापून घ्यावे, अशी त्या कागदावर अट असते. ती मी पूर्ण वाचली आणि पोटात थोडे कसेसे झाले, हे खोटे कशाला सांगू? पण मेकॅनिकच्या आणि शिपायाच्या पोटातही चार वर्षांपूर्वी तसेच झाले असेल. त्यांनी तरीही सही केली होती.

'कसेल त्याची जमीन' हे आपण शाळेत शिकलो. गाडीचेही तसेच असावे. चालवील तिची गाडी. बाकीच्यांनी निदान वाट तरी द्यावी, आणि वाटेवर एखादे दार, ज्याला आतून कडी लागते.